पत्त्यात लपलेली जात

गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारात आम्ही मुलांना बौद्ध देशांची माहिती सांगत होतो. जपानचे नाव निघाले तशी एका मुलीने विचारले, "काका, जपान तर बौद्धांचा देश. मग तिथे जात नसेलच ना?" आम्ही घाईघाईने "नाही" म्हणून मोकळे झालो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की आमचे उत्तर चुकले होते. त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले खरे उत्तर आज इथे लिहीत आहोत.

जपानच्या नारा प्रांतात गोसे नावाचे छोटे शहर आहे. पश्चिमेला कात्सुरागी (959 मीटर) आणि कोंगो (1125 मीटर) हे डोंगर उभे आहेत. डोंगरापलीकडे ओसाकाचा मुलूख, अलीकडे भातखाचरे. लोकवस्ती पंचवीस हजारांहूनही कमी. इथे जुनी व्यापारी पेठ आहे आणि इथल्या तेंदूसारख्या गोड फळाला गावाचेच नाव आहे. औषधे बनवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. विक्रेता घरोघरी औषधांची पेटी ठेवून जाई आणि पुढच्या फेरीला वापरलेल्या औषधाचेच पैसे घेई. माणसाचा माणसावर एवढा विश्वास!

पण ह्याच गोसेच्या हद्दीत आज जी एक वस्ती येते, तिथल्या माणसांवर मात्र कुणाचा विश्वास नव्हता. मेलेली गुरे ओढणे, कातडी कमावणे, कातड्यापासून सरस बनवणे ही कामे अशा वस्त्यांच्या वाट्याला आली होती. त्यांना 'एता' म्हणत. त्या शब्दाच्या अक्षरांचा अर्थच 'फार विटाळ'. नारा प्रांत लेखनाच्या शाईसाठी प्रसिद्ध आहे. ती शाई काजळी आणि सरस ह्यांपासून बनते. म्हणजे ज्या शाईने सूत्रे लिहिली जात, तिच्यात कातड्याचा सरस चाले. सरस शिजवणारा माणूस मात्र चालत नसे.

आणि धम्म? सांगताना वाईट वाटते, पण सांगितलेच पाहिजे. ह्या लोकांची विहारे वेगळी ठेवली गेली. जपानात मृत्यूनंतर भिक्खू माणसाला धम्मनाम देतात. ह्यांच्यापैकी कित्येकांच्या धम्मनामात 'पशू' अशा अर्थाची अक्षरे घातली गेली आणि ती थडग्यांवर कोरली गेली. मेल्यावरही सुटका नाही.

1871 साली सरकारने फर्मान काढून हा दर्जा कागदोपत्री रद्द केला. पण त्याबरोबर चामड्याच्या धंद्यावरचा जुना हक्क गेला, आणि नवा धंदा काही हाती आला नाही. 1872 च्या कुटुंबनोंदणीत काही ठिकाणी 'नवे सामान्यजन' असा शेरा मारला गेला. जात गेली, शेरा राहिला!

त्या वस्तीतली तरुण मुले मात्र गप्प बसली नाहीत. साइको मानकिची हा तिथल्या विहारातल्या भिक्खूचा मुलगा. सरस बनवणाऱ्या घरातला साकामोतो सेइइचिरो आणि कोमाई किसाकू हे त्याचे सोबती. आधी त्यांनी देश सोडून दूरच्या सेलेबीस बेटावर जाऊन राहण्याचा बेत केला होता. पुढे 1920 साली त्यांनी पाकोळी पक्ष्याच्या नावाने एक मंडळ काढले. एकत्र खरेदी करायची, कमी व्याजाने कर्ज द्यायचे, असे त्याचे काम. आपल्या वस्तीतल्या भिशीची आठवण व्हावी असेच ते होते.

ह्याच मुलांच्या पुढाकाराने 3 मार्च 1922 रोजी क्योतो शहरात सुइहेइशा, म्हणजे समतेची संघटना, उभी राहिली. परिषदेत ओकाबे योशिको ही स्त्री बोलली. शाळेतल्या छळाची हकिकत यामादा कोनोजिरो ह्या कोवळ्या मुलाने सांगितली. जाहीरनामा साइकोने लिहिला होता. त्याचा सारांश असा, की दयेने माणूस लहान होतो, आम्हाला दया नको, मान हवा. झेंडा काळा, त्यावर रक्तासारखा लाल काटेरी मुकुट. ज्या बड्या होंगानजी पीठांचे हे अनुयायी होते, त्यांनाही त्यांनी सोडले नाही. वीस वर्षे आमच्याकडून देणगी मागू नका, असे त्यांनी पीठांना बजावले. ह्यानंतर पाच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एवढ्या अंतरावरच्या दोन लढ्यांची मागणी एकच होती.

मग पुढे सगळे सुरळीत झाले का? नाही. जपानात चेहऱ्यावरून, आडनावावरून जात सहसा कळत नाही. म्हणून लोक पत्ता शोधतात. 1872 च्या जुन्या नोंदी 1968 साली लोकांसाठी बंद कराव्या लागल्या. 1975 साली उघडकीस आले की अशा वस्त्यांच्या पत्त्यांची यादीच गुपचूप छापून कंपन्यांना विकली जात होती. नोकरी मागणाऱ्याचा पत्ता त्या यादीत पाहायचा, एवढेच काम! भेदभाव संपवण्यासाठी 2016 साली पुन्हा एक कायदा करावा लागला.

हे वाचताना आमचे आम्हालाच आठवले. खोली भाड्याने बघायला गेलो की "राहता कुठे?" हा पहिला प्रश्न येतो. कितीदा आम्ही वस्तीचे नाव गिळून नुसते स्टेशनचे नाव सांगितले आहे. असे करणारे आम्ही एकटेच नसू.

म्हणूनच गोसेची शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते. 1998 साली सुइहेइशाचे संग्रहालय उघडले, ते त्याच वस्तीत. तिथली कागदपत्रे आणि कोरियातल्या खाटीक समाजाच्या चळवळीची कागदपत्रे 2016 साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत स्मृतिनोंदीत एकत्र दाखल झाली. जो पत्ता इतरांनी चोरून यादीत छापला, तोच पत्ता ह्या लोकांनी दारावर पाटी लावून जगाला सांगितला.

बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. देश बौद्ध असला म्हणून जात आपोआप जात नाही. ती घालवावी लागते, आणि धम्माच्या घरातही तिच्याशी भांडावे लागते. पुढच्या वेळी कुणी "राहता कुठे?" विचारले, तर आम्ही आमच्या वस्तीचे पूर्ण नाव सांगणार आहोत. तूही सांग.

जयभीम!