कोड पुसण्याआधी

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. बऱ्याच मालकांनी ते कधी पाहिलेलं नसतं. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवण्याची पद्धत, लागू झाली ते एप्रिल २०१३ पासून. त्यानंतरच्या एमएच १८ (धुळे) किंवा एमएच १९ (जळगाव) पाटीच्या कुठल्याही कारमध्ये ते सापडायला हवं.

त्यात बसणारं ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांत येतं. त्यावर बहुधा 'ईएलएम ३२७' छापलेलं असतं. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, बाजारातल्या बऱ्याचशा तिच्या नकला. बिघाडाचे साधे कोड वाचण्यापुरत्या त्या चालतात. चावी ऑन, इंजिन बंद, मोबाईलमध्ये ॲप, आणि 'क्लिअर'चं बटण. काम इतकं सोपं आहे म्हणूनच आधी वही काढावी.

•

'क्लिअर' दाबल्यावर चेक इंजिनचा दिवा जातो, कोड जातो आणि त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कूलंट किती तापलेलं, इंजिनवर भार किती, हे सगळं तिच्यात असतं. पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढावी, तसं हे होतं. लळिंगच्या चढावर भरल्या गाडीनं मिस मारणं आणि सिग्नलला उभ्या गाडीनं मिस मारणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात आधी प्लग आणि कॉइल बघतात, दुसऱ्यात हवेची गळतीही शोधतात. कोड दोन्हीकडे एकच येऊ शकतो, पी०३००. फरक फ्रेममध्ये असतो. मेकॅनिक विचारतो, "भाऊ, लाईट लागला तेव्हा गाडी कशी चालली होती?" त्याला स्क्रीनशॉट दाखवता आला तर निम्मं काम होतं.

•

कोड पार्टचं नाव सांगत नाही. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम मर्यादेखाली आलं, एवढंच. 'कन्व्हर्टर बदला' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सायलेन्सरच्या पाइपाला जोडापाशी गळती असेल तरी तोच कोड येतो. हजारोंचा पार्ट घेण्याआधी गाडी खालून बघून घ्यावी.

•

पी०१७१ : मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. शुद्ध पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या गाडीच्या ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) इंधन वाढवून द्यावंच लागतं. निरोगी गाडी ते सांभाळून घेते. पण इनटेकच्या रबरी नळीला आधीच बारीक चीर असेल, तर दोन्ही मिळून या सुधारणेची (फ्युएल ट्रिमची) हद्द ओलांडली जाते आणि दिवा लागतो. लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटच्या गाड्यांत ट्यूनिंग बिघडलं तरी हाच कोड येऊ शकतो; पेट्रोलवर आणि गॅसवर फ्युएल ट्रिमचे आकडे वेगवेगळे टिपून ठेवावेत.

•

मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे. उन्हाळा बॅटरीचं आयुष्य खातो. स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळलं की एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या कोडांची रांग लागू शकते. इथे पुसणं योग्यच. आधी यादी लिहून घ्यायची, बॅटरी तपासायची, मग पुसायचं. परत येतील ते खरे.

•

दिवा लुकलुकत असेल तर डोंगल शोधत बसू नये. इंजिन जोरात मिस मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. ॲक्सिलरेटर सोडावा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यावी. 'पारोळ्यापर्यंत जाऊ' म्हणू नये.

•

बीएस-६ डिझेल. शाळा, बाजार, घर अशा गावातल्या छोट्या फेऱ्यांत एक्झॉस्टचा फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी साठते. कोड पुसला तरी काजळी तिथेच राहते. सुरुवातीचा इशारा असेल तर एरंडोल-पारोळ्याच्या बाजूला हायवेवर एका वेगानं अर्धा तास चालवल्यावर ती बहुधा जळून जाते. गाडीचं पुस्तक मात्र आधी वाचावं.

•

जुनी गाडी घेताना डोंगल खिशात असू द्यावं. दिवा बंद असणं हा पुरावा नाही. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हा आकडा बऱ्याच गाड्या देतात. तो १२ आला, तर विकणाऱ्याला सरळ विचारावं की परवा काय पुसलं. रेडिनेसच्या, म्हणजे गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या करते त्या, तपासण्या अपुऱ्या दिसल्या तरी तेच. बॅटरीची टर्मिनल काढली तरी त्या शून्यावर येऊ शकतात.

•

दुरुस्ती खरी झाली असेल तर पुसलं नाही तरी चालतं. साधारणपणे लागोपाठ तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. कोड मात्र इंजिन चाळीस वेळा थंडाचं गरम होईपर्यंत आत राहतो. पुसलंच, तर गावात आणि हायवेवर दोन्हीकडे चालवून 'पेंडिंग'चा रकाना पुन्हा बघावा. बरेच बिघाड दिवा लागण्याआधी एक फेरी तिथे दिसतात.