तावून सुलाखून

कोणार्कच्या भिंतींवर आधी नजरेत भरते ती झीज. चेहरे सपाट झालेत, दागिन्यांची नक्षी पुसट झाली आहे. अगदी जवळ गेलं, की दगडात तांबूस ठिपके दिसतात. ते गार्नेट. मंदिर तेराव्या शतकातलं. दगड मात्र पूर्व घाटातला खोंडालाइट, त्याची कहाणी सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीची.

हा दगड मुळात चिखल. भूखंडांच्या टकरीत पर्वत उभे राहिले आणि तो त्यांच्या मुळाशी, कित्येक किलोमीटर खोल गाडला गेला. पूर्व घाटात काही ठिकाणी तापमान 900 अंश सेल्सिअसच्याही वर गेलं होतं. पाडेरूच्या परिसरातल्या खडकांत सॅफिरिनचे निळसर कण क्वार्ट्झला बिलगून सापडतात; एवढ्या धगीशिवाय ही जोडी सहसा जमत नाही.

त्या उष्णतेत अभ्रक मोडला. त्यातलं पाणी वितळलेल्या रसात शिरलं, रस वर निघून गेला. मागे उरला कोरडा गाळ: गार्नेट, सिलिमनाइट, फेल्डस्पार. या कोरडेपणानेच दगडाची स्मृती राखली. पाणी मागे राहिलं असतं, तर थंड होताना खनिजांचा पुन्हा अभ्रक झाला असता आणि त्या धगीचा मागमूसही उरला नसता.

तोच दगड वर आला आणि पुन्हा पाण्याच्या तावडीत सापडला. कोरापुटच्या पंचपटमाळी पठारावर पावसाने त्याला युगानुयुगं धुऊन त्याचं बॉक्साइट केलं. कोणार्कला खाऱ्या, दमट वाऱ्याने फेल्डस्पारची माती होत राहिली. मंदिराचा जगमोहन, म्हणजे सभामंडप, कोसळू नये म्हणून 1903 मध्ये तो आतून वाळूने भरून बंद करावा लागला.

तावून सुलाखून निघालेला माणूस पुढे कशालाही पुरून उरतो, असं आपण सहज म्हणतो. मला आता ते पटत नाही. सोसणं माणसाला त्या एका आचेपुरतं घडवतं. पुढची साधी ओलही त्याला जड जाऊ शकते. अशा माणसाकडून आपण फार मागू नये.

कोणार्कला गेलात, तर सूर्याच्या मोठ्या मूर्ती जरूर पाहा. त्या हिरवट-काळ्या क्लोराइटच्या आहेत. हा दगड कितीतरी कमी तापमानात घडतो आणि आपल्या खनिजांत पाणी बाळगून असतो. त्यांचे हात तुटले आहेत, पण अंगावरच्या अलंकारांचं कोरीवकाम अजून स्पष्ट आहे.