बेन्सनच्या गोगलगायी

आडुतुरै, 18 ऑक्टोबर
रात्रभर पाऊस. सकाळी परसात गेले तर घरमालकीणबाई मिठाचा डबा घेऊन पपईपाशी उभ्या. खोडावर मुठीएवढ्या शंखी गोगलगायी. बाई तंजावरी मराठी घरातल्या, पण गोगलगायीला ‘नत्तै’च म्हणतात. 2022 च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त करणारी गोगलगाय हीच. मूळची पूर्व आफ्रिकेची. विल्यम बेन्सन या शंखवेड्या ब्रिटिश माणसाने 1847 साली मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगीच्या एका बागेत सुटल्या.

याच बेन्सनने 1850 मध्ये इंद्रेला अँपुलाचं शास्त्रीय वर्णन केलं. पातळ शंखाची, पिवळ्या किंवा लालभडक अंगाची ही गोगलगाय फक्त पश्चिम घाटात राहते आणि तिच्या प्रजातीत दुसरी जातच नाही. देशी जिवाची ओळख आणि परका जीव, दोन्ही एकाच माणसाकडून आलं, हे मला दिवसभर अस्वस्थ करत राहिलं.

20 ऑक्टोबर
भातसंशोधन केंद्राच्या बाजूला शेतात मुग्धबलाक उतरलेत. चिखलातली गोगलगाय उचलून चोचीने अलगद सोलतात. ही इथली जुनी रहिवासी, दाराला झाकण असलेली. शेतातली माणसंही ती शिजवून खातात. परसातल्या पाहुणीशी तिचा काही संबंध नाही.

23 ऑक्टोबर
आंबोलीहून भाच्याचा फोन. वराडिया आंबोलिएन्सिसबद्दल विचारत होता. 2021 मध्ये जगापुढे आलेली ही अर्धशंखी गोगलगाय. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून तिचं नाव. शंख अंगाला अपुरा, म्हणजे ऊन वाढलं की आत शिरून दार लावून घ्यायची सोय नाही. ओल टिकते ती पाचोळ्यात, कुजक्या लाकडाखाली, दाट सावलीत. त्याला म्हटलं, जंगलाची जमीन झाडून ‘स्वच्छ’ करणाऱ्यांना आधी थांबव रे. पाचोळा पेटवला तर तिचं घर आणि अन्न एकदमच जातं, आणि पळून जायला तिच्याकडे वेग नाही.

24 ऑक्टोबर
पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाची हकीकत पुन्हा वाचली. आफ्रिकन गोगलगाय आवरावी म्हणून 1977 मध्ये तिथे मांसभक्षक गोगलगाय सोडली. तिने मोठ्या पाहुणीकडे फारसं लक्षच दिलं नाही. बेटावरच्या चिमुकल्या पार्तुला गोगलगायी मात्र दहा वर्षांत जंगलातून संपवल्या. वाचल्या त्या प्राणिसंग्रहालयांत नेलेल्या. डब्यांत पिढ्यान् पिढ्या जपून 2015 पासून त्या परत पॉलिनेशियाच्या जंगलांत सोडू लागले, शंखावर रंगाचा ठिपका लावून. ठिपका नसलेली गोगलगाय सापडली की ती तिथेच जन्मलेली! अशा सापडल्याही. वाचताना मी उठून उभी राहिले.

27 ऑक्टोबर
बाईंच्या मुलाने गोगलगायी मारायला मेटाल्डिहाईडच्या गोळ्या आणायचं ठरवलं होतं. मी विरोध केला. ती गोळी परकी आणि देशी असा भेद करत नाही. उपाय साधा आहे: गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी झाडाखाली पसरायचं, पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. बाईंनी विचारलं, “आणि त्या लहान, पातळ शंखाच्या?” त्यांतल्या देशी तेवढ्या ठेवायच्या, मी म्हटलं. त्या कशा ओळखायच्या ते मुलाला दाखवायला बाईंनी मला उद्या पहाटे बोलावलंय.