पसरणीचा घाट आणि एक दात

वाईला कृष्णेकाठच्या ढोल्या गणपतीला नमस्कार करून पाचगणीकडे निघाले, की थोड्याच वेळात पसरणी गाव मागे पडते आणि रस्ता चढू लागतो. वाई ते पाचगणी अंतर जेमतेम 12-13 किलोमीटर. पण तेवढ्यात माणूस सुमारे 550 मीटर उंच जातो. मोटारीतल्या मंडळींना हा घाट म्हणजे गार वारा आणि खाली चमकणारे धोमचे पाणी. आमच्या फटफटीला मात्र तो दरवर्षीची वार्षिक परीक्षा!

फटफटी नानांची, म्हणजे आमच्या वडिलांची. राजदूत. ही मूळची पोलंडची. तिकडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून ती साठीच्या दशकात आपल्याकडे घडू लागली. 175 सीसी आणि गिअर तीनच. पहिल्या गिअरात दोघांना घेऊन घाट चढावा, तर इंजिन ऊर फुटल्यासारखे ओरडते. दुसरा टाकावा, तर धापा टाकून मरगळते. मधली पायरीच नाही! पूर्वी यावर नानांचा तोडगा एकच असे. अवघड वळण आले की आई खाली उतरे, पदर खोचून चालू लागे आणि नाना पुढे जाऊन तिची वाट पाहत उभे राहत.

यंदा चौऱ्याहत्तराव्या वर्षी नानांना पुन्हा पाचगणीला जायचे होते, तेही याच गाडीवर, माझ्या मागे बसून. मी मिस्त्रींकडे गेलो.

"साहेब, इंजिनाला हात नका लावू," ते म्हणाले. "पुढचा एक दात कमी करू."

हिशेब शाळकरी आहे. समजा, गिअरबॉक्सवरच्या चाकाला 15 दात आणि मागच्या चाकाला 45. म्हणजे पुढचे तीनदा फिरले की मागचे एकदा. पुढे 14 दातांचे बसवले, की तेच प्रमाण 3.21 होते. चढाला जोर सात टक्क्यांनी वाढला! मागच्या बाजूने तेवढेच साधायचे तर तीन दात वाढवावे लागतात, आणि साखळीही अपुरी पडू शकते. पुढचे चाक बदलले की मागचे किंचित मागे ओढून साखळीचा ताण जुळवला, झाले. फुकट मात्र काहीच नाही. सपाटीवर 50च्या वेगाला इंजिन आता पूर्वी 54ला फिरे तेवढे फिरते, आणि लहान चाकावर साखळी जास्त वाकत असल्याने झिजतेही लवकर. रोज हमरस्त्याने जाणाऱ्याने हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमची गाडी वर्षातून चारदा बाहेर निघते.

पुण्याहून वाईपर्यंत मालमोटारी आम्हांला खुशाल मागे टाकीत होत्या. पसरणी मागे पडल्यावर मी दुसरा गिअर टाकला आणि कान टवकारले. इंजिनाचा सूर पडला नाही. एक वळण, दुसरे, तिसरे. वेग बैलगाडीपेक्षा थोडा बरा, पण एकसारखा. मी मनातून खूश होतो. तेवढ्यात पाठीवर थाप पडली.

"थांब रे जरा."

"का हो नाना? तापली का गाडी?"

"गाडीला काय धाड भरलीय! तुझी आई इथं उतरायची."

मी गाडी कडेला घेतली. नाना उतरले, धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाले, "तू हो पुढे. त्या वळणावर उभा राहा. मी येतो चालत."