कापसाच्या भावावर चालणारं गाव

आपल्या बायकांना दोन गावं असतात. एक माहेरचं. त्याचं कौतुक आपण जन्मभर करतो. दुसरं सासरचं. त्याच्याविषयी कुणी विचारलं तर "आहे आपलं, बरं आहे" एवढ्यावर भागवतो. माझं माहेर नाशिकचं. गोदावरी, मंदिरं, लेणी, पाहुण्यांना दाखवायला काही कमी नाही. खामगावला सून म्हणून आले तेव्हा मावश्या विचारायच्या, "म्हणजे शेगावजवळ ना? गजानन महाराजांच्या?" शेगाव खरंच जवळ आहे, पण प्रत्येक वेळी शेजारच्या गावाची ओळख सांगून आपली पटवायची, हे काही मनाला रुचत नसे.

मी इथल्या एका शाळेत आठवड्यातून चार दिवस मराठी आणि इतिहास शिकवते. एकदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, सिंदखेडराजाला जिजाऊंचा वाडा आहे, लोणारला सरोवर आहे. आपल्या खामगावात काय आहे?" प्रश्न साधा होता, पण वर्गातल्या सगळ्या मुली उत्तरासाठी माझ्याकडे बघू लागल्या. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेले, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत गेले. एक गोष्ट हळूहळू उमगली. इथे राजा नव्हता, किल्ला नव्हता. या गावाला मोठं केलं ते कापसानं.

इथला कापसाचा बाजार १८२० च्या सुमाराचा. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं, १८५३ साली ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मग १८६१ मध्ये तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. अमेरिकेचा कापूस येईना आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायची वेळ आली. तेव्हा साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. कापसाचे भाव असे चढले की ज्वारीच्या रानातही पऱ्हाटी उभी राहिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव उतरले, पण पऱ्हाटी काही रानातून गेली नाही.

मुंबई-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग खामगावाहून जात नाही, जलंबवरून जातो. मधलं अंतर आठ मैलांचं. बैलबंड्यांनी कापूस स्टेशनवर न्यायचा म्हणजे वेळ जायचा. म्हणून खास कापसासाठी जलंब-खामगाव असा फाटा टाकला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आले. आदल्याच वर्षी सुवेझचा कालवा खुला झाला होता. समुद्राखालून तारही १८७० मध्येच मुंबईला पोचली. म्हणजे बघा, विलायतेतला भाव आता तारेनं कळू लागला आणि इथल्या गाठी आगगाडीनं नि आगबोटीनं तिकडे जाऊ लागल्या. नाशिकच्या माझ्या मावशीला खामगाव ठाऊक नाही, पण दीडशे वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला ते बरोबर ठाऊक होतं!

हे वाचून सुरुवातीला मला फार अभिमान वाटला. सासूबाईंना सांगितलं, तर त्या शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "कापूस आंग झाकते बाई, पोट नाई भरत." त्यांच्या सासूनं त्यांना दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. पैशाचं पीक घेणाऱ्याच्या घरात कणगी रिकामी असली आणि बाजारात ज्वारी आवाक्याबाहेर गेली, तर पांढरं सोनं काय कामाचं? इतिहासाच्या पुस्तकात फाट्याचं उद्घाटन सापडतं. कणगीची गोष्ट सासूकडून सुनेकडेच येते.

तरी गाव टिकलं आणि वाढलं. १९०१ च्या खानेसुमारीत इथे १८,३४१ माणसं होती, २०११ मध्ये ती ९४ हजारांच्या घरात गेली. बाजारामागून अडते आले, सरकी काढणारे जीन आले, गाठी बांधणारे प्रेस आले. पैसा खेळू लागला तशी चांदीची पेढी वाढली. आज दूरदूरचे लोक इथे चांदी घ्यायला येतात, गावाला 'रजतनगरी' म्हणतात. पण हे गाव नुसतं तराजू धरून बसलं नाही. असहकाराच्या चळवळीच्या दिवसांत इथे टिळक राष्ट्रीय विद्यालय उभं राहिलं, आणि पंधे गुरुजींमुळे त्याचं नाव चित्रकलेसाठीही झालं.

आणि इथली मोठी देवी! सगळीकडे दसऱ्याला देवी उठते, आमच्याकडे जगदंबेचा उत्सव कोजागिरीला सुरू होतो आणि अकरा दिवस चालतो. नव्या सुनेची यात चांगलीच धांदल उडते. इकडे दर्शनाच्या रांगा, घरी पाव्हणेरावळे आणि उत्सव आटपतो न आटपतो तोच दिवाळी दारात. चकलीची भाजणी आधी दळून ठेवावी लागते, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. याच दिवसांत शेतात कापूस फुटलेला असतो. पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाआधी मला वाटायचं, कापसाचा भाव हा शेतकऱ्यांचा विषय, त्याच्याशी आपला काय संबंध? इथे आल्यावर कळलं की गावातलं प्रत्येक घर त्या भावाशी बांधलेलं आहे. कापूस विकला की स्टीलचे डबे खपतात, लुगडी खपतात, मुलींची लग्नं ठरतात, उधारीची वही कोरी होते. भाव पडला की तोच गिऱ्हाईक दुकानावरून मान खाली घालून जातो. मामंजी अजून एकाधिकार खरेदीच्या गोष्टी सांगतात. १९७२ पासून कितीतरी वर्षं सरकारच कापूस घेत असे. पैसे हप्त्याहप्त्यानं मिळत आणि बोनस जाहीर झाला की पेठेत दिवाळी होई. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं पीक खाल्लं, त्या हिवाळ्यात आमच्याकडे लग्नाच्या भांड्यांची मोठी खरेदी जवळजवळ झालीच नाही. २०२२ च्या सुरुवातीला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला तेव्हा ह्यांना जेवायला फुरसत नव्हती. पुढच्या हंगामात तो खाली आला आणि पुष्कळांनी सोयाबीनची वाट धरली. तारेची जागा मोबाईलनं घेतली आहे, पण भाव अजून दुसरीकडेच ठरतो.

या सगळ्यात बायका कुठे आहेत? अगदी मुळाशी आहेत. वेचणी बहुतेक बायकाच करतात. कमरेला ओटी बांधून, वाकून, बोंडातला कापूस बोटांनी काढायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात. मजुरी किलोवर मिळते, म्हणजे हात जितका चालेल तितका पैसा. पुढे जिनातही कापूस निवडायला, पसरायला बायकाच. लॉर्ड मेयो आले तेव्हाही गाठीतला कापूस कुणीतरी असाच वेचला असणार, पण त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी शाळेत येईना. निरोप पाठवला तेव्हा आली आणि म्हणाली, "बाई, मी पंधरा दिवस नाई येत. आईसंगं वेचाले जातो." मी म्हटलं, "अगं, परीक्षा जवळ आली." ती शांतपणे म्हणाली, "वेचला नाई तं वह्या कोठून येतीन?" यावर मी तिला काय उपदेश करणार? मुलगी शाळेतून सुटते ती एका दिवसात नव्हे. आधी पंधरा दिवस, मग महिना, मग "आता राहू दे, लग्नच करून टाकू." शेजारच्या दोन बाई आणि मी मिळून ठरवलं, वेचणीच्या दिवसांत रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर वर्ग घ्यायचा. पहिल्या रविवारी तीन मुली आल्या, नंतर सात. दमलेल्या असतात, म्हणून आधी चहा आणि पोहे, मग अभ्यास. गणित मी किलो नि मजुरीचंच घालते. त्यात त्या माझ्यापेक्षा पटाईत आहेत. एकीनं तर मुकादमाच्या हिशेबातली चूक घरी जाऊन आईला दाखवली आणि राहिलेले पैसे मिळवून दिले!

ती पंधरा दिवसवाली मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या घरी लग्नाचा विषय निघाला होता. मी जाऊन तिच्या आईशी बोलले. आई बराच वेळ बोटांच्या भेगांना तेल चोळत बसली, मग म्हणाली, "बारावी होऊ द्या बाई, मग पाहू." तूर्त दोन वर्षं मिळाली आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे होत असतील. कुठे कापूस असेल, कुठे ऊस, कुठे कांदा. आपल्या मुलांच्या शाळेत एकदा जरूर विचारा, कोण येत नाही आणि का. ओसरी तर आपल्या सगळ्यांकडेच आहे.