केसवालो

ब्रिसल वर्म लहान असतो तोवर त्याची कुणी दखल घेत नाही. खाऱ्या पाण्याच्या कुठल्याही जुन्या रीफ टँकमध्ये, दगडांच्या भेगांत आणि वाळूत, हे किडे भरपूर असतात. बोटभर लांब, गुलाबी-नारिंगी, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके. उजेड पडला की आत पळतात. पण त्यातला एखादा वाढत वाढत फूटभर होतो आणि एखाद्या रात्री काचेलगत सरपटताना दिसतो. मग घरातल्या माणसांना तो टँक नकोसा वाटायला लागतो. आमच्याकडे तो दिसला, आणि त्याच सुमारास फुलांसारख्या दिसणाऱ्या माझ्या झोअँथिड प्रवाळांचे झुपके रातोरात विरळ व्हायला लागले.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. बैठकीच्या खोलीत साडेचारशे लिटरचा टँक आहे. भारतात असते तर प्रवाळांचा टँक मी ठेवलाच नसता. 2001 साली खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली, आणि ते योग्यच झालं. माझं माहेर मालवणचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या पाण्यात प्रवाळं आहेत, 1987 साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. ती तिथेच राहावीत. इथेही मी समुद्रातून काढलेलं प्रवाळ घेत नाही. शेतीत वाढवलेले किंवा दुसऱ्या कुणाच्या टँकमधून कापून दिलेले तुकडे, ज्यांना आम्ही फ्रॅग म्हणतो, तेवढेच घेते. किडे मात्र न मागता येतात, दगडाच्या पोटातून.

एका सकाळी टर्बो गोगलगाय मेलेली दिसली आणि तिच्या शंखात तो फूटभर किडा अर्धा शिरलेला. नवऱ्याने तिथल्या तिथे निकाल दिला, "हाच तो. गोगलगायही त्यानेच मारली, तुझी फुलंही तोच खातोय." टँक ठेवणाऱ्या ओळखीच्या मंडळींचंही तेच मत पडलं. कुणी म्हणालं सगळे दगड उकळून काढ, कुणी म्हणालं औषध टाकून सगळे किडे एकदम संपव, कुणी ॲरो क्रॅब आण म्हणालं.

मला ते पटत नव्हतं, आणि कारण त्या किड्याच्या तोंडात होतं. शाळेत आपण वलयी प्राणीसंघ शिकतो, गांडूळ, जळू आणि नेरीस. ब्रिसल वर्म त्यातल्या नेरीसचा नातेवाईक, पण नेरीसला जबडे असतात आणि टँकमध्ये नेहमी सापडणाऱ्या या केसाळ कुळाला ते नसतात. त्याचं तोंड खालच्या बाजूला, मऊ, मांसल. मेलेलं, कुजू लागलेलं त्याने ओरबाडून खावं. पण माझे झोअँथिड बुंध्याशी कात्रीने छाटल्यासारखे तुटलेले होते, पॉलिपची देठं सरळ कापलेली. ज्याला जबडाच नाही तो असं कापणार कशाने? गोगलगायीचंही तेच. मेलेल्या गोगलगायीवर तो सापडला एवढंच आपण पाहिलं होतं, ती मरताना कुणी पाहिली नव्हती. मेलेल्याचा वास लागला की हे किडे सगळ्यांत आधी पोचतात, तेच त्यांचं काम.

अर्थात केसाळांतही प्रवाळ खाणारा एक आहे. कॅरिबियन समुद्रात आणि अटलांटिकच्या उबदार भागांत हर्मोडिसी कॅरुन्क्युलेटा नावाचा मोठा फायरवर्म असतो. तो जबड्याशिवायच प्रवाळाच्या फांदीचं टोक तोंडात घेतो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवतो. म्हणून भिंगातून डोकं पाहून घेतलं. हर्मोडिसीच्या डोक्यावर मोठा, चुण्याचुण्यांचा मांसल उंचवटा असतो आणि बाजूंना लालसर झुपकेदार कल्ले. आमच्या किड्याचा उंचवटा छोटा, अंग सालमन माशाच्या मांसाच्या रंगाचं. युरिथोई प्रजातीतला, असं मी ठरवलं. आणि खरा चोर कोण ते कळेपर्यंत याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, हेही ठरवलं.

चोर सापडला तो आईमुळे. ती नुकतीच मालवणहून आली होती. उन्हाळ्यात इथल्या आणि भारतातल्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक असतो. रात्री दोनला तिची सकाळची साडेअकराची वेळ व्हायची, झोप येणार कुठून? मी टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधून दिला. लाल उजेडाला टँकमधले निशाचर सहसा बुजत नाहीत. ती टँकसमोर खुर्ची टाकून बसू लागली. तरुणपणी सुकतीला खडकांवर कालवं काढायला जाणारी बाई ती, पाण्यात आपली सावली पडू न देता बघत कसं बसायचं हे तिला सांगावं लागलं नाही. माझ्या पुस्तकांनी आणि भिंगाने जे झालं नाही ते तिच्या बसण्याने झालं, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते.

सकाळी चहाबरोबर रात्रीची हकिगत मिळायची. मोठ्या किड्याला तिने नावच देऊन टाकलं, केसवालो. "केसवालो इलो, वाळूत पडलेला खाना खाल्ल्यान आणि गेलो. फुलाकडे बघूक सुदीक नाय." हे रोजचं झालं. आणि मग एका रात्री तिने मला हलवून उठवलं. "ऊठ गो. हो दुसरोच कोण तरी आसा. हेच्या आंगार केस नाय."

झोअँथिडच्या दगडाला खालच्या बाजूला एक भोक होतं, त्यातून तो वीतभर बाहेर आला होता. तपकिरी, गुळगुळीत, आणि टॉर्च फिरवली की अंगावर निळे-जांभळे रंग झळकत होते. डोक्यावर पाच शृंगिका मोजल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. पाच शृंगिका म्हणजे युनिसिड. त्यांना जबडे असतात, बाहेर फेकता येणारे आणि धारदार. याच कुळातला बॉबिट वर्म तीन मीटरपर्यंत वाढतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या न्यूक्वे इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात 2009 साली प्रवाळं तुटायला आणि मासे जखमी व्हायला लागले, तेव्हा सगळा देखावा उपसावा लागला आणि मीटरभराहून लांब असा एक किडा बाहेर निघाला. आमचा त्याच जातीचा होता असं मी म्हणणार नाही, या कुळात जाती पुष्कळ आहेत. पण आमच्या डोळ्यांदेखत त्याने एक पॉलिप पकडला, मान आखडली आणि देठ तुटला. आई एवढंच म्हणाली, "गावलो."

त्याला काढणं सोपं नव्हतं. त्याचं शेपूट भोकात खोल रोवलेलं असतं, चिमटा जवळ येताच तो क्षणात आत जातो. ओढाताणीत तुटला आणि डोक्याकडचा भाग आत राहिला, तर मागचं अंग तो पुन्हा वाढवतो. म्हणजे दगडासकट बाहेर काढण्याला पर्याय नव्हता. पण दगडावर झोअँथिड होते, आणि इथे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे की असा दगड कधीही उकळू नका, कोरडा घासू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं आणि वाफेबरोबर ते हवेत येतं. दगड उकळल्यामुळे घरातली सगळी माणसं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी आहेत. मी लांब हातमोजे घातले, डोळ्यांवर चष्मा लावला, मुलीला वरच्या खोलीत पाठवलं. टँकचंच पाणी भरलेल्या बादलीवर दगड धरला आणि सिरिंजमध्ये साधा सोडा भरून भोकात मारला. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड या किड्यांना सोसत नाही. थोड्या वेळाने तो भोकाच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर पडू लागला. घाई न करता तो आपल्या वजनाने खाली उतरेपर्यंत तशीच उभी राहिले. बादलीत पूर्ण आला, अखंड. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा लांब होता.

मारायला मन धजेना आणि समुद्रात सोडणं तर सर्वस्वी चूक. उबदार समुद्रातला अनोळखी जीव न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर टाकायचा नसतो, मग तो तिथे जगो वा मरो. ओळखीच्या एका दुकानदाराने तो वेगळ्या टँकमध्ये पाळायला नेला. दगड मात्र मी लगेच परत ठेवला नाही. हीटर आणि छोटा पंप लावलेल्या बादलीत तो राहिला, आईने त्यावरही राखण केली. आत दुसरा कुणी नाही याची खात्री झाल्यावरच तो टँकमध्ये गेला.

राहिला केसवाला. तो निर्दोष ठरला तरी मुख्य टँकमध्ये मला नको होता, कारण काच पुसताना, फ्रॅग लावताना हात तिथेच फिरतो. त्याचे केस पोकळ, चुनखडीचे आणि ठिसूळ असतात. कातडीत घुसून मोडतात आणि मग आग, खाज, सूज. तसं झालं तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उचलायचे आणि व्हिनेगर लावायचं. पकडायला मी झाकणाला भोक पाडलेली बाटली वापरली, आत कोळंबीचा तुकडा. रात्री वाळूत आडवी ठेवली की सकाळी आत दोन-चार वेटोळी. केसवालाही असाच आला. त्याची आणि त्याच्या मोठ्या भाऊबंदांची रवानगी टँकखालच्या संपमध्ये केली. तिथे गाळ साचतो आणि खाणारं कुणीतरी हवंच असतं.

औषध मी टाकलं नाही. दगडांच्या आत शेकडो किडे एकदम मेले तर तेच कुजून अमोनिया वाढतो आणि मासे जातात. ॲरो क्रॅबही आणला नाही. तो किडे खातो हे खरं, पण लहान माशांवरही त्याचा डोळा असतो. किडे फार झाले याचा अर्थ अन्न फार पडतंय. ते कमी करणं हाच इलाज मला पटतो, तो हळू असला तरी. मी माशांचं खाणं निम्मं केलं तेव्हा आई नाराज झाली. "मासे उपाशी रवतीत," असं ती दोन दिवस म्हणत होती. मासे उपाशी राहिले नाहीत. काही महिन्यांत काचेवरचं हिरवं शेवाळ कमी झालं, नायट्रेट उतरलं, आणि रात्री दिसणारे किडे बोटभराच्या वर गेले नाहीत.

झोअँथिडच्या उरलेल्या बुंध्यांना नवे पॉलिप फुटले. टँकचा छंद नव्यानेच लागलेला एक मुलगा मध्यंतरी फ्रॅग न्यायला आला होता. त्याच्या नव्या वाळूत काहीच जीव नव्हते, म्हणून मी फ्रॅगबरोबर संपमधले काही छोटे केसाळ त्याला डब्यात घालून दिले. परत गेलेल्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, "केसवालो दिलंस नाय मा?" नाही दिला.