वगळलेला मजकूर

सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी दारेखिडक्या लावून संगणकावर वाचत बसणे, हा आमचा जुना परिपाठ. अलीकडे मात्र वाचनापेक्षा झटापटच अधिक होऊ लागली होती. लेखाचे दुसरे वाक्य संपते न संपते तोच एखादी चौकट मजकुरावर येऊन बसे. ती मिटवावी, तर कोपऱ्यातली चित्रफीत आपोआप बोलू लागे. अखेर एका विद्यार्थ्याने आमच्या फायरफॉक्समध्ये 'युब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेन्शन बसवून दिले.

रेमंड हिल यांनी 2014 मध्ये आरंभलेल्या युब्लॉकचे हे पुढचे रूप. जाहिराती ते आपणहून अडवतेच. पण आमचे मन जडले ते त्यातल्या दोन साधनांवर. विजेच्या चिन्हाचे साधन नकोसा भाग तेवढ्यापुरता उडवते. पान पुन्हा उघडले की तो परत हजर. ड्रॉपरच्या चिन्हाचे साधन मात्र त्याचा नियमच लिहून ठेवते, आणि तो भाग पुढे कधी दिसत नाही. आम्ही अर्थातच दुसरे निवडले. प्रक्षिप्त ओव्या वगळणाऱ्या संपादकाच्या तोऱ्यात आम्ही पानामागून पान शुद्ध करीत सुटलो.

एका स्थानिक वृत्तस्थळाची उजवी पट्टी त्यातच गेली. तिथे चित्रे सारखी हलत असत. तिच्या तळाशी निधनवार्ता असतात, हे आमच्या ध्यानातच नव्हते. ज्या सरांनी आम्हांला पाठचिकित्सा शिकवली ते गेल्याचे आम्हांला तेराव्यानंतर कळले, तेही भाजी घेताना भेटलेल्या एका सहाध्यायाकडून. घरी येऊन तो नियम पुसला. पट्टी जागच्या जागी होती. ती कधी गेलीच नव्हती. आमच्यापुरती झाकली गेली होती. सरांची वार्ता मात्र तोवर मागे पडली होती.

त्या संध्याकाळी आम्हांला याच शहरातली एक गोष्ट आठवली. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून जून 2023 मध्ये पाडण्यात आली. त्याआधी वर्षानुवर्षे वाद झाले, आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले. निर्णयाविषयी मते काहीही असोत, चिमणीची बाजू मांडणारे कोणीतरी होते. आमच्या पट्टीची सुनावणी झालीच नाही. आणि सरांनी तर आम्हांला बजावले होते, की पाठ वगळायचा असेल तर खुशाल वगळा, पण तो तळटीपेत नोंदवा.

एक्स्टेन्शन आम्ही काढलेले नाही. त्यावाचून वाचणे आता अवघडच. परंतु हल्ली शक्यतो विजेचेच साधन वापरतो. आणि महिन्यातून एकदा नियमांची यादी उघडून ओळ न् ओळ पाहतो: काय वगळले होते, आणि कशासाठी. कित्येक ओळींचे कारण आता आम्हांलाही आठवत नाही. त्या आम्ही पुसून टाकतो.